तीन गुणांचं गाणं आणि युरोव्हिजन

६ एप्रिल १९७४. इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, रंगली होती. १७ देशांतून स्वीडनचा 'आबा' हा गायकसमूह २४ गुण घेऊन पहिला आला आणि पुढे जगभर गाजला. पोर्तुगालचा गायक पावलू द कार्व्हाल्यू याच्या गाण्याला मिळाले ३ गुण. आणखी तीन देशांबरोबर तो तळाला राहिला.

त्यानंतर १८ दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी त्याचं तेच गाणं पोर्तुगालची राजधानी लिस्बनच्या रेडिओवर लागलं. नुकतंच स्पर्धेत जाऊन आलेलं विरहगीत, त्यात कुणाला वावगं वाटणार? पण बंडाच्या तयारीत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती सज्ज होण्याची खूण होती. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या एका गाण्याने निघण्याचा इशारा दिला आणि २५ एप्रिलला ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळली. १९६१नंतरही गोव्यावरचा हक्क न सोडणारी राजवट ती हीच. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ला करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

मला विचाराल तर, गुणफलक बघून या स्पर्धेतल्या गाण्यांची किंमत करूच नये. गुण द्यायची पद्धत पहिल्या दिवसापासून डळमळीत होती. मुळात हा प्रयोग तंत्राचा: अनेक देशांत एकाच वेळी थेट कार्यक्रम दाखवता येतो का, हे युरोपातल्या प्रसारण संस्थांना पाहायचं होतं. नमुना समोर होता तो इटलीच्या सानरेमो गीतमहोत्सवाचा. २४ मे १९५६ला स्वित्झर्लंडच्या लुगानोत ७ देशांनी १४ गाणी सादर केली. परीक्षकांनी बंद दाराआड मतं दिली, लक्झेंबर्गच्या वतीने तर स्विस परीक्षकांनीच, आणि जिंकलं स्वित्झर्लंड. ती मतं आजतागायत बाहेर आलेली नाहीत.

१९५८मध्ये इटलीचा गायक दोमेनिको मोदुन्यो तिसरा आला. त्याच्या त्या गाण्याने पुढे अमेरिकेतलं ग्रॅमी पटकावलं. १९६९ला बरोबरी सोडवायचा नियमच नसल्याने चार देश विजेते ठरले, तर पुढच्या वर्षी पाच देश फिरकलेच नाहीत. प्रत्येक देशाने आपल्या आवडत्या दहा गाण्यांना १ ते ८, १० आणि १२ गुण द्यायची पद्धत १९७५ची. १९९८पासून बहुतेक देशांत प्रेक्षक फोनवरून मत देऊ लागले. शेजारी शेजाऱ्याला झुकतं माप देतो ही ओरड वाढली, तेव्हा २००९मध्ये निम्मी मतं परत परीक्षकांकडे गेली.

माझ्या मते खरं नुकसान झालं ते १९९९मध्ये. आपल्याच भाषेत गाण्याची अट कायमची गेली आणि त्याच वर्षी वाद्यवृंदही गेला. तोवर बहुतेक गाण्यांना समोर बसलेले वादक साथ करायचे, देशोदेशीचे संगीत संचालक येऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे. आता मुख्य गायकाचा गळा तेवढा खरा, वाद्यं ध्वनिमुद्रित. गाणी झपाट्याने इंग्रजीकडे वळली आणि एकसारखी वाटू लागली.

म्हणूनच युक्रेनमधल्या कीव्हची २०१७ची स्पर्धा मनात राहते. पोर्तुगालचा साल्व्हादोर सोब्राल, बहिणीने रचलेलं गाणं, भाषा पोर्तुगीज. मागे नर्तक नाहीत, भव्य रंगमंच सोडून तो प्रेक्षकांच्या मधोमध एका छोट्या चौथऱ्यावर उभा. परीक्षक आणि प्रेक्षक, दोघांनीही त्यालाच पहिलं ठरवलं: ७५८ गुण. १९६४पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालचा हा पहिला विजय. विजेत्याने गाणं पुन्हा म्हणायची रीत आहे. त्या वेळी त्याने बहीण लुइझाला जवळ बोलावलं आणि दोघांनी मिळून ते गायलं.