ठाण्याचा ऐवज गावाबाहेर कसा गेला?

ठाण्यात जिल्ह्याचं संग्रहालय हवं असं म्हटलं की हमखास प्रश्न येतो, 'पण त्यात ठेवणार काय?' ठेवण्याजोगं इथे भरपूर निघालं. सांभाळायला गावात जागा नव्हती, म्हणून ते बाहेर गेलं.

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खणताना ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीचं हे दानपत्र शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७ चं. त्यात आपल्या गावाचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या संशोधनाचा पहिला खंड काढला, त्यातच त्याचं भाषांतर छापलं गेलं. भारतीय पुराभिलेखांचा अभ्यास नुकताच सुरू होत होता आणि त्या आरंभीच ठाणं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या सोपाऱ्याची (आजचं नालासोपारा) गोष्ट त्याहून मोठी. एप्रिल १८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' खणला. गावकरी ज्याला कोट म्हणत, तो विटांचा स्तूप निघाला. आत गोल दगडी पेटी, तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि भोवती धातूच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या त्या इवल्याशा डबीत बुद्धाच्या मानल्या गेलेल्या मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे होते. सोनं, स्फटिक, चांदी, सगळं एका खापरीच्या रक्षणासाठी! हा ठेवा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही आज मुंबईतच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे या वस्तू नीट जपल्या गेल्या, हे मान्य केलंच पाहिजे.

ठाणेकरांनी स्वतः जपलं ते ग्रंथधन. १ जून १८९३ रोजी वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. गावाने वर्गणी, पुस्तकं आणि वेळ देऊन संस्था चालवायची ही सवय तेव्हापासूनची.

राहिला किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली. ताम्रपट याच भिंतींच्या आत मिळाला होता. म्हणूनच संग्रहालयाचा विषय निघाला की मला आधी हीच जागा आठवते.

१ ऑगस्ट २०१४ पासून सोपारा पालघर जिल्ह्यात आहे. संग्रहालयासाठी त्या पाच करंडकांच्या निदान प्रतिकृती मागायच्या झाल्या, तर आता ठाणे आणि पालघर दोघांनी मिळून अर्ज करावा लागेल.