हवेतील कणांचे वजन आणि त्यांचा उपद्रव

दिवाळी सरून थंडीने बस्तान बसवले की नागपूरच्या वर्तमानपत्रांत हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाच्या बातम्या सुरू होतात. आकडा शंभराच्या आत असला तर हवा ‘समाधानकारक’ ठरते आणि आपण निर्धास्त होतो. २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांचे (पीएम २.५) प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले, तरी आपल्या निर्देशांकात ते समाधानकारकच असते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा मात्र १५ आहे. ही तफावत आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. माझा आक्षेप थोडा निराळा आहे. हा आकडा कणांचे वजन सांगतो आणि आपण तो त्यांच्या घातकपणाचा आकडा समजून वाचतो.

वजन काढण्याची मूळ पद्धत अगदी सरळ आहे. पांढरीशुभ्र गाळणी ठरावीक आर्द्रतेत ठेवून सूक्ष्म तराजूवर तोलायची, तिच्यातून चोवीस तास हवा ओढायची, पुन्हा तोलायची आणि वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागायचे. आता समजा, एक गाळणी सिमेंट रस्त्याचे काम चालू असलेल्या वस्तीत लावली आणि दुसरी व्हेरायटी चौकातल्या सिग्नलजवळ. पहिली मातकट होऊन निघेल, दुसरी काळीकुट्ट. दोघींचे वजन सारखेच वाढले असेल, तर तराजूच्या लेखी दोन्ही ठिकाणची हवा सारखीच वाईट ठरते.

फुप्फुसाच्या लेखी मात्र ती सारखी नसते. दहा मायक्रॉन व्यासाच्या एका कणाचे जेवढे वजन भरते, तेवढेच वजन ०.१ मायक्रॉन व्यासाच्या, तितक्याच घनतेच्या दहा लाख कणांचे मिळून भरते, कारण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. या दहा लाख कणांचे एकूण पृष्ठफळ त्या एका कणाच्या शंभरपट असते. इंजिनाच्या धुरातले बहुसंख्य कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे अतिसूक्ष्म असतात. संख्येने अफाट असूनही तराजूवर त्यांची नोंद जेमतेम होते. धुळीचे जाड कण नाकात आणि घशात अडकतात. अतिसूक्ष्म कण मात्र हवेच्या रेणूंचे धक्के खात, आइन्स्टाइनने १९०५ साली ज्याचे गणित मांडले त्या ब्राउनियन गतीने भरकटत, वायुकोशांच्या भिंतींवर जाऊन चिकटतात. या भिंती पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटरचे क्षेत्र व्यापतील, आणि त्यांच्यावर द्रवाचा एका मायक्रॉनहूनही पातळ थर असतो. खरा प्रकार घडतो तो या थरात.

या द्रवात क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन यांसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात, आणि इलेक्ट्रॉन देऊन टाकणे हेच त्यांचे काम. धुराच्या कणावर लोह किंवा तांबे असले, अथवा अर्धवट जळालेल्या इंधनातून तयार झालेली क्विनोन नावाची संयुगे असली, तर ती या द्रव्यांकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतात. एक इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड; त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते; आणि फेरस अवस्थेतल्या लोहाची त्याच्याशी गाठ पडली की पेरॉक्साइडचा रेणू दुभंगून हायड्रॉक्सिल मूलक बाहेर पडते, जे सेकंदाच्या अब्जांशाइतक्या अवधीत समोर येईल त्या रेणूवर तुटून पडते, मग तो पेशीपटलाचा असो, प्रथिनाचा असो वा डीएनएचा. या व्यवहारात लोह एक इलेक्ट्रॉन गमावते, म्हणजे फेरसचे फेरिक होते. पण ते तिथेच थांबत नाही. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा इलेक्ट्रॉन देते, ते पुन्हा फेरस होते आणि पुढच्या फेरीला मोकळे होते. कळमना बाजारातला दलाल जसा एका हाताने माल घेऊन दुसऱ्या हाताने देतो आणि दिवसभरात शेकडो सौदे उरकूनही स्वतः जागचा हलत नाही, तसाच हा धातूचा अणू न झिजता फेऱ्यांवर फेऱ्या करत राहतो. म्हणूनच मायक्रोग्रॅमच्याही अंशाने मोजावे लागणारे तांबे द्रवातला अँटिऑक्सिडंटांचा साठा उतरवू शकते. साठा उतरला की पेशी दाहाचे संकेत देऊ लागतात, आणि त्या दाहाचे परिणाम रक्तवाहिन्या व हृदय यांच्यापर्यंत पोहोचतात.

कणांची ही क्षमता प्रयोगशाळेत मोजता येते. अँटिऑक्सिडंटांच्या जागी डायथायोथ्रायटॉल हे रसायन वापरून त्याच्या द्रावणात कण मिसळतात आणि ते किती वेगाने संपते ते पाहतात. एक मायक्रोग्रॅम कणांमागे मिनिटाला किती रसायन खर्ची पडले, या आकड्याला त्या कणांची ऑक्सिडीकरण क्षमता म्हणतात. माती आणि मीठ यांचे कण येथे बहुधा सुस्त ठरतात. धूर आणि ब्रेकची झीज यांचे कण चपळ ठरतात. ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी तांबे घालण्याची पद्धत होती. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून २०२५ पर्यंत ते अर्ध्या टक्क्याच्या खाली आणण्याचे बंधन घातले. त्यामागचे कारण मात्र फुप्फुसांचे नव्हते, पाण्यात उतरणाऱ्या तांब्याने माशांना होणाऱ्या अपायाचे होते.

रहदारीच्या रस्त्याचा परिणाम माणसांवर तपासणारा एक गाजलेला प्रयोग लंडनमध्ये झाला. दम्याच्या ६० रुग्णांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालायला लावले. रस्त्यावर चालल्यानंतर त्यांची श्वसनक्षमता अधिक घटली, आणि या घटीचा सर्वांत सुसंगत संबंध अतिसूक्ष्म कण व काजळीशी आढळला. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या रस्त्यावर तेव्हा प्रामुख्याने डिझेलच्या बस आणि टॅक्सीच धावत होत्या, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

बर्डीची, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी या गजबजलेल्या बाजारपेठेची, परिस्थिती अभ्यासायला लंडनला जाण्याची गरज नाही. दुतर्फा उंच दुकाने असली की वारा छपरांवरून निघून जातो आणि खाली धूर भोवऱ्यात फिरत राहतो. वर्धा मार्गावर दुमजली पुलाखालून जाणाऱ्या वाहनांच्या धुराला वर जाण्यासही वाव कमी मिळतो. सिग्नलला ब्रेक झिजतात आणि सिग्नल सुटताच इंजिने एकदम जोर लावतात. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तापमानाची विपरीतता असते, म्हणजे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवेचे झाकण. दिलाशाची बाब एवढीच की अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून दूर जाताना एकमेकांना चिकटतात, विरळ होतात आणि शे-दोनशे मीटरांत त्यांची संख्या झपाट्याने घटते. त्यामुळे मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीने चालण्याचाही प्रत्यक्ष उपयोग होतो.

गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघून जाते, हा समज मात्र पार निरुपयोगी आहे. गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो, वायुकोशांशी त्याची भेट होत नाही. होमाच्या धुराने हवा शुद्ध होते असे सांगणाऱ्यांनी तो धूर कणमापकासमोर धरून पाहावा. दुचाकीवरच्या मुली तोंडाला बांधतात तो स्कार्फ उन्हापासून आणि जाड धुळीपासून वाचवतो, अतिसूक्ष्म कण त्यातून सहज पार होतात. एन-९५ मुखपट्टी नीट घट्ट बसली तर त्यांना अडवते, कारण ज्या ब्राउनियन भरकटण्यामुळे ते फुप्फुसात चिकटतात, त्यामुळेच ते तिच्या तंतूंनाही चिकटतात. तिला सर्वांत जड जातात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या बीएस-६ मानकांनुसार डिझेल मोटारीने किलोमीटरमागे ६०,००० कोटींहून अधिक कण सोडता कामा नयेत. म्हणजे धुराच्या नळीपाशी आपण कणांची संख्या मोजतो आणि तेच कण रस्त्यावर आले की पुन्हा वजनाकडे वळतो. युरोपीय संघाने २०२४ च्या सुधारित निर्देशात हवेतील अतिसूक्ष्म कणांच्या मोजणीला जागा दिली. ज्या शहरात १९५८ पासून ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तिथे निदान बर्डीत तरी असा एक कणगणक लावायला हरकत नसावी. तो मात्र इमारतीच्या गच्चीवर नको, वाहतूक पोलीस आणि फूटपाथवरचे विक्रेते जिथे दिवसभर उभे असतात तिथे, त्यांच्या नाकाच्या उंचीवर हवा.