उलांडी नसलेली होडी

देवबागला कर्लीच्या खाडीत पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा पोटऱ्या इतक्या थरथरल्या की खालची फळीही थरथरू लागली. गुडघे ताठ, नजर पायांकडे. शिकवणारे काका काठावरून ओरडले, "पाण्याक बघू नको गो, फुडे बघ!" तोवर मी पाण्यात होते.

काकांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतला कान आणि पायांचे तळवे-सांधे. फळी डुलत असली की तळव्यांच्या खबरीचा भरवसा उरत नाही. त्यात नजर हलत्या पाण्यावर खिळली तर डोळेही फसतात. पलीकडच्या काठावरचा माड मात्र जागचा हलत नाही. शिवाय जमिनीवर आपण घोट्यांनी जमीन दाबून सावरतो. इथे घोटा दाबला की फळीच कलते. चूक कळून स्नायू हलेपर्यंत क्षणभर जातो, तेवढ्यात फळी दुसरीकडे झुकलेली असते. पोटऱ्यांची थरथर ती हीच, उशिरा पोचणाऱ्या दुरुस्त्यांची. गुडघे सैल सोडले की ती पुष्कळ कमी होते.

मला सर्वांत भावलं ते रुंदीचं गणित. फळी एका बाजूला कलली की ती बाजू जास्त बुडते, तिथलं पाणी जास्त जोराने वर रेटतं आणि फळी सरळ होऊ पाहते. लांबी तीच ठेवली तर हा सावरणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 70 सेंटीमीटरऐवजी 80 सेंटीमीटर रुंद फळी घेतली, तर फरक फक्त 10 सेंटीमीटरचा, पण जोर जवळजवळ दीडपट! नवशिक्याला रुंद फळी देतात ती म्हणून. याच्या उलट काम करतं आपलं उंचावरचं वजन. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य फळीपासून साधारण 1 मीटर वर असतो, गुडघ्यांवर बसलं की तो बराच खाली येतो. पहिली दहा मिनिटं गुडघ्यांवरच वल्हवायची, यावर काका अडून बसतात ते उगाच नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांत हेच शास्त्र पिढ्यानपिढ्या वापरात आहे. अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेलं लाकूड पाण्यावर तरंगतं, ती उलांडी. होडी उलंडू नये म्हणून उलांडी. होडी अरुंदच राहते, पाण्यावरचा तिचा पसारा तेवढा रुंदावतो.

वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित वाकलेलं असतं, आणि बहुतेक जण ते उलटं धरतात. मीही धरलं. वाक पुढच्या दिशेला हवा. तसं धरलं की वल्हं मागे जाताना पातं जास्त वेळ उभं राहतं आणि पाणी मागे ढकलतं; नाहीतर ते पाणी वर उचलत बसतं. पातं पाण्यात असेपर्यंत हाताला आधारही मिळतो, त्यामुळे नुसतं उभं राहण्यापेक्षा वल्हवत राहणं सोपं जातं.

खाऱ्या पाण्याने जास्त तरंगतो का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माणूस आणि फळी मिळून 80 किलो धरले तर गोड्या तळ्यात 80 लिटर पाणी बाजूला सरतं, समुद्राच्या पाण्यात 78. एवढ्या मोठ्या फळीवर तो फरक जेमतेम मिलिमीटरभराचा.

वाऱ्याचं मात्र तसं नाही. ऊन चढलं की जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. उभा माणूस म्हणजे त्याला आयतं शीड. त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास झावळ्या सळसळल्या, काकांनी हात वर केला, आणि मी गुडघ्यांवर बसून काठाकडे वल्हवत निघाले.