बसची पाटी कुणाला दिसते?

गेल्या मे महिन्यात पुण्याची भाची सुट्टीला बेळगावात आली होती. बसस्थानकावर आम्ही खानापूरच्या गाडीची वाट बघत होतो. लांबून वळणाऱ्या एका बसची कन्नड पाटी बघून मी म्हटलं, "ही आपली नव्हे, निपाणीची." तिनं बसकडे बघितलं, मग माझ्या जाड चष्म्याकडे. "मामा, तुला एवढ्या लांबून दिसतं कसं? मला तर नुसती वेटोळी दिसतायत."

तिची नजर स्वच्छ, माझा नंबर मायनस पाच. डोळा म्हणजे कॅमेरा आणि आठवण म्हणजे त्यातला फोटो, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर पाटी तिलाच आधी दिसायला हवी होती.

घरी आल्यावर मी मोबाईलवर बसचा एक फोटो तिला ५ सेकंद दाखवला आणि पाटी कागदावर काढायला सांगितली. काचेवरचा झेंडूचा हार तिनं झकास काढला. पाटीच्या जागी दोन गोल आणि एक शेपूट. शेजारचा कन्नड शाळेत जाणारा पाचवीतला पोरगा तेवढ्याच वेळात 'नि, प्पा, णि' लिहून मोकळा झाला.

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. साधारण त्या नखाएवढ्याच भागातलं आपल्याला अगदी बारीक दिसतं, बाकी सगळं धूसर. म्हणून नजर सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारत असते. भडक रंग तिला ओढतो, हलणारी वस्तू ओढते, पण कुठं बघितलं की उपयोगाचं काही सापडेल हे सांगणारी आपली माहितीही तिला ओढते. भाचीची नजर हारावर गेली, त्या पोराची पाटीवर. नजरेच्या या उड्यांमध्ये मध्यमेंदूचा मोठा वाटा असतो. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' करून मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतील, अशा जाहिराती करणाऱ्यांना पालक हजारो रुपये देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तुमच्या मुलाचा मध्यमेंदू जन्मापासून चालूच आहे. पट्टी बांधलेलं मूल वाचतं ते नाकाशेजारच्या फटीतून.

आता खरी गंमत, आठवणीची. एका वेळी मनात धरून ठेवायची आपली ताकद तोकडी आहे, साधारण चार गोष्टींची. पण 'गोष्ट' केवढी असावी, हे ठरलेलं नाही. १८५७१९४७१९५६ हे बारा आकडे वाचा आणि डोळे मिटा. सुटे धरायला गेलात तर सांडतील. १८५७, १९४७, १९५६ असे धरले तर तीनच झाले, आणि १९५६ म्हणजे भाषावार राज्यरचनेचं साल, हे आमच्या सीमाभागात कुणाला सांगावं लागत नाही. भाताच्या काड्या सुट्या उचलायच्या की पेंढी बांधून, एवढाच फरक. मानसशास्त्रात याला 'चंकिंग' म्हणतात. मी पेंढीच म्हणतो.

याचा सगळ्यात देखणा पुरावा बुद्धिबळातला. १९४०च्या दशकात नेदरलँड्सच्या आद्रियान द ग्रूट यांनी सुरू केलेलं काम अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पुढं नेलं. १९७३ साली त्यांनी एका मास्टरला, एका बऱ्या खेळाडूला आणि एका नवख्याला खऱ्या डावातला पट ५ सेकंद दाखवला. मग तो आठवणीतून मांडायला सांगितला. मास्टरनं साधारण १६ सोंगट्या बरोबर मांडल्या, दुसऱ्यानं ८, नवख्यानं ४. मास्टरची स्मरणशक्तीच दांडगी, असं कुणीही म्हणेल. म्हणून त्यांनी त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून मांडल्या, आणि मास्टर नवख्याच्या रांगेत येऊन बसला! सोंगट्या तेवढ्याच, डोळे तेच, पण बांधायला पेंढीच नाही. पुढं १९९६ मध्ये फर्नांड गोबे आणि सायमन यांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा विखुरलेल्या पटावरही मास्टर किंचित पुढं असतो असं निघालं. कारण विखुरलेल्या मांडणीतही चुकून दोन-तीन सोंगट्यांची ओळखीची जुळणी होते, आणि हजारो जुळण्या डोक्यात असलेल्याला ती लगेच सापडते. नियमाला धक्का लागला नाही, उलट तो पक्का झाला.

जत्रेतल्या कुस्तीत हेच बघायला मिळतं. मला तांबड्या मातीत हातपायांचा गुंता दिसतो. शेजारी बसलेले वस्ताद म्हणतात, "पाय बघ त्याचा. ढाक मारणार आता." आणि ढाक बसते. संध्याकाळी अख्खी कुस्ती ते डावांच्या नावांनी परत सांगतात. मला कोण जिंकलं तेवढंच आठवतं.

जाणकाराची नजर चुकत नाही, असं मात्र समजू नका. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं एक चित्र घुसवलं, शोधायच्या गाठीच्या ४८ पट मोठं. गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलंच नाही. नजर टिपणाऱ्या यंत्रानुसार त्यातल्या १२ जणांचे डोळे थेट त्या गोरिलावरून गेले होते. पण ते गाठ शोधत होते, आणि गोरिला म्हणजे गाठ नव्हे.

भाची महिनाभर राहिली. शेजारच्या पोरानं तिला कन्नडची दहा-बारा अक्षरं शिकवली. कन्नडात 'प' आणि 'व' एकमेकांच्या इतके जवळचे की नवखा हमखास फसतो. जायच्या आदल्या दिवशी मी तिला निपाणीच्याच दुसऱ्या एका बसचा फोटो ५ सेकंद दाखवला. तिनं ठामपणे लिहिलं, 'निव्वाणि'. पोरगा पोट धरून हसला. मला मात्र ती चूक फार आवडली. महिन्यापूर्वी तिला ही चूक करताच आली नसती. गाडीवर हार होता का, असं विचारलं तर म्हणाली, "हार? बघितलंच नाही."