रोल धुवायचा कुठं?

बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर रिकामं करताना बाबांच्या ट्रंकेत तीन रोल निघाले. एक १२० मापाचा, कागदी पट्टीत गुंडाळलेला, 'इंदू'चा ब्लॅक अँड व्हाइट. दुसरा ३५ मिलिमीटरचा, ऑर्वोचा कलर. तिसरा ११० चा, चपट्या प्लास्टिकच्या खोक्यातला. तिन्हींवर फोटो काढून झालेले, धुवायचे तेवढे राहिलेले. थोरले काका म्हणाले, "टाकून दे की. हे आता कोण धुवून देतंय? कशाला ठेवालास?"

बेळगावात विचारत फिरलो. एका दुकानात काउंटरवरच्या पोरानं "आत काय आहे का बघू" म्हणत ऑर्वोच्या डबीबाहेर राहिलेलं टोक धरलं आणि भर उजेडात वीतभर फिल्म ओढली. दोन-तीन फोटो तिथंच गेले. त्याचा जन्म मेमरी कार्डानंतरचा, रागवायचं तरी कुणावर! पण काकांचा प्रश्न डोक्यात राहिला. एकेकाळी गल्लीच्या तोंडावर होणारं काम असं दुर्मिळ आणि महाग का झालं?

फोटो काढणारा आणि धुणारा ही माणसं वेगळी झाली ती १८८८ साली. जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा आणला, किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल भरलेलाच. रोल संपला की अख्खा कॅमेरा अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलर घेऊन ते फोटो धुऊन द्यायचे आणि नवा रोल भरून कॅमेरा परत करायचे. रोल गावाबाहेर पाठवायची रीत तिथून पडली. १९३५ साली आलेल्या कोडाक्रोमनं ती घट्ट केली, कारण त्या फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं नव्हतीच, ती धुताना केमिकलातून द्यावी लागत. हे काम घरी होण्यातलं नव्हतं, लहान लॅबलाही झेपणारं नव्हतं. अमेरिकेत कोडॅक धुलाईचे पैसे फिल्मच्या किमतीतच कापून घ्यायची. १९५४ साली मक्तेदारीविरोधी कारवाईतल्या तडजोडीमुळं ती जोडी तोडावी लागली आणि बाहेरच्या लॅबना वाट मिळाली. कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो ही लॅब कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची ठरली. २०१० च्या डिसेंबरअखेर तिनंही रोल घेणं थांबवलं. आता कुणाच्या माळ्यावर कोडाक्रोम सापडला तर त्यातले रंग गेले म्हणायचे. चित्र निघालंच तर ब्लॅक अँड व्हाइट.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांचं मात्र असं कुणावाचून अडत नव्हतं. बेळगाव कॅन्टोन्मेंटचं गाव, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथलं. नेमणुकीवर निघालेला जवान घरी ठेवायला फोटो काढणार, त्याला तो दोन दिवसांत हवा. असला फोटो मुंबईला पाठवून कसं चालेल? दुकानाच्या मागं पडदा लावलेली अंधारी खोली असायची, लाल दिवा, तीन ट्रे आणि तागडी. तागडी यासाठी की डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) स्वतः कालवायचा असे. डी-७६ हा १९२७ सालचा कोडॅकचा डेव्हलपर, पण त्याची कृती कुणीही वाचावी अशी उघडी होती. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग भरपूर पाणी. लाल दिवा प्रिंटच्या कागदाला आणि लाल उजेड न टिपणाऱ्या जुन्या ऑर्थो फिल्मला चालायचा. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर रोल धुताना तोही बंद, सगळा हाताचा अंदाज.

हवेचाही फायदा होता. ब्लॅक अँड व्हाइटचं काम २० अंश सेल्सिअसला नीट होतं. बेळगाव पडतं साडेसातशे मीटर उंचीवर, 'गरिबांचं महाबळेश्वर'. सखल भागात उन्हाळ्यात डेव्हलपरच्या ट्रेखाली बर्फ ठेवायचा, नाहीतर फिल्मवरचं जिलेटिन मऊ होऊन सुटायचं. इथं पौष-माघात नळाचं पाणी घेतलं की काम भागतं.

माझे तिन्ही रोल या स्टुडिओंच्या उतारवयातले आहेत, आणि ते बाबांच्या हाती कसे आले याचं उत्तर दिल्लीच्या आयात धोरणात आहे. परदेशी फिल्म म्हणजे परवाना, जकात आणि मोजका माल. म्हणून सरकारनं १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स काढली, तिथला माल 'इंदू' नावानं विकला जायचा. कॅमेरा होता बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. मागं लाल काचेची बारीक खिडकी, त्यातून कागदावरचा आकडा बघत रोल पुढं सरकवायचा. बारा चौकोनी फोटो झाले की कागदाचं डिंकाचं टोक जिभेनं ओलं करून चिकटवायचं. ती चव ज्यानं घेतली त्याला ती आठवत असणारच. ऑर्वो पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची. त्या देशाशी व्यापार रुपयात चालायचा, डॉलर लागत नव्हते, म्हणून आपल्या बाजारात ऑर्वोची रेलचेल.

नेमका तिथंच घोळ आहे. ऑर्वोच्या त्या काळच्या कलर फिल्मला त्यांचीच वेगळी धुलाई लागायची. इकडं कोडॅकनं १९७२ साली ११० च्या रोलबरोबर सी-४१ ही नवी पद्धत आणली. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद, तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. हळूहळू जगातल्या बाकी कंपन्यांनी आपल्या कलर निगेटिव्ह याच पद्धतीला जुळवून घेतल्या. कोडॅकच्या त्याआधीच्या सी-२२ पद्धतीच्या फिल्म २४ अंशांना धुतल्या जायच्या. असली जुनी फिल्म आजच्या गरम टाकीत सोडली तर तिचा थर मऊ पडून सुटतो आणि टाकीतलं अख्खं केमिकल नासतं. लॅबवाला जुना रोल बघून हात जोडतो तो यासाठी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की तिघांत सगळ्यात खेळण्यासारखा दिसणारा ११० चा रोल केमिकलच्या हिशेबात सगळ्यात सोपा. तो जन्मालाच सी-४१ घेऊन आला, आजच्या कुठल्याही सी-४१ मध्ये चालतो. अडतं ते १६ मिलिमीटर रुंदीपाशी. मशीनला आणि टाकीच्या चकरीला तेवढी अरुंद पट्टी धरता येत नाही.

मशीनचा विषय निघालाच आहे. १९७० च्या दशकाअखेर जपानच्या नोरित्सूनं मिनीलॅब, म्हणजे दुकानातच रोल धुणारं मशीन, आणली आणि पुढं आपल्या भागातही 'कलर लॅब'च्या पाट्या चढल्या. अंधाऱ्या खोल्यांत जुनी कॅलेंडरं आणि मोडक्या खुर्च्या साठल्या. मिनीलॅबचं गणित दुधाच्या धंद्यासारखं आहे. रोज रोल आले तर केमिकल ताजं राहतं, कारण प्रत्येक रोलमागं थोडं नवं केमिकल टाकीत भरलं जातं. आठवड्याला चार रोल आले तर ते नुसतं हवेनं खराब होतं आणि ओतून द्यावं लागतं. डिजिटल आल्यावर लॅब बंद पडल्या त्या या हिशेबानं. ज्या मोठ्या शहरांत उरल्या, तिथं रोल कुरिअरनं पाठवावा लागतो. फिरून ईस्टमनच्या काळात आलो म्हणा, फक्त कॅमेरा घरी राहतो.

स्वस्तात सुटायचं तर वाट ब्लॅक अँड व्हाइटचीच. कुठल्याही फिल्ममध्ये, कलर असो की नसो, उजेड पडतो तो चांदीच्या क्षारावर, आणि साधा डेव्हलपर त्या क्षाराची चांदी करतो. त्यामुळं ऑर्वोसुद्धा डी-७६ मध्ये धुता येते. रंग येणार नाहीत, माणसं येतील. त्याहून स्वस्त प्रकार १९९५ साली रॉचेस्टरच्याच तंत्रशिक्षण संस्थेत निघाला, कॉफीचा. एक लिटर पाण्यात धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, सी जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम, झटपट कॉफी ४० ग्रॅम. २० अंशांना साधारण १५ मिनिटं. सोडा धुण्याचाच घ्यायचा, खाण्याचा नव्हे. फिल्टर कॉफीची पूड नको, आणि झटपट कॉफीतही चिकोरी नसलेली बघा. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच पिकते, पण आमचं बेळगाव पडलं चहाचं, त्यामुळं चिकोरीशिवायची बाटली शोधायला मला तीन दुकानं फिरावी लागली. हायपो मात्र विकतच आणावा लागतो, त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही.

अर्धा लिटर कालवलं, म्हणजे सोडा २७, जीवनसत्त्व ८, कॉफी २०. वास असा की बायकोनं मागचं दार उघडलं. जुन्या फिल्मवर धुकं चढलेलं असतं म्हणून चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घातलं. इंदूचा रोल गोधडीखाली हात घालून अंधारात चकरीवर चढवला. इतकी वर्षं वळकटीत राहिलेली फिल्म सरळ व्हायला तयार नव्हती, दोनदा निसटली.

बारापैकी सात फोटो आले. कागदावरचे आकडे आणि ठिपके फिल्मवर उमटलेत, आभाळात मधोमध '५' दिसतो. एका फोटोत बाबा सायकल धरून उभे आहेत, मागं दुकानाची देवनागरी पाटी. पहिली दोन अक्षरं धुक्यात गेलीत, पुढं 'भांडार' तेवढं वाचता येतं. काकांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. ते म्हणाले गणपत गल्ली, आत्या म्हणते रामदेव गल्ली. ऑर्वोचा रोल आता फ्रिजमध्ये आहे, थंडी पडली की तो धुवायला घेईन.