घरातील जुनी बारा बोअर: ओळख आणि किंमत यांमागचा इतिहास

मुंबईत स्थायिक झालेल्या एखाद्या घराण्यात आजोबांच्या नावाचा बंदुकीचा परवाना कागदपत्रांत सापडतो, तेव्हा ती बंदूक, म्हणजे बारा बोअरची (बोअर हे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) दुनळी, बहुधा गावाकडच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असते. वारसांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: ही बंदूक कोणाची बनावट आहे आणि तिचे किती येतील?

ओळखीतली मोठी गफलत नावाने होते. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव पुष्कळदा कारागिराचे नसून विक्रेत्याचे असते, कारण ब्रिटिश अमदानीत तयार बंदुका मागवून त्यांवर आपले नाव घालण्याची व्यापाऱ्यांची रीत होती. खरी साक्ष नळ्यांच्या पोटाशी असते. दस्त्यापासून नळ्या उतरवल्या की त्यांच्या चपट्या भागावर नळीची ताकद तपासल्याचे, म्हणजे चाचणीचे, बारीक शिक्के दिसतात. शंकरपाळ्याच्या आकारात बाराचा आकडा आणि 'सी' हे अक्षर असेल, तर चाचणी इंग्लंडमध्ये, साधारणपणे १८८७ ते १९२५ या काळात झालेली असते. अंडाकृतीत 'ईएलजी' ही अक्षरे असतील तर ती बेल्जियममधल्या लिएजची, आणि वर मुकुट असल्यास १८९३ नंतरची. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल, तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली, मुख्यतः काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या, काळातली नळी असते. तिच्यात आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते.

किमतीचा इतिहास मात्र कारागिरीपेक्षा कायद्याने घडवला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची बंदूक कपाटात गेली, आणि १९८०च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यावर देशातल्या जुन्या इंग्रजी बंदुकांना दुर्मिळतेचा भाव आला. विलायतेतल्या लिलावाचा आकडा येथे लागू पडत नाही, कारण गिऱ्हाईक देशातलेच आणि परवानाधारकच असावे लागते.

हा भाव ज्या निर्णयाने हलला, त्याची नोंद सविस्तर घ्यायला हवी. शस्त्र कायद्यातील १९८३च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन शस्त्रांची मर्यादा घातली होती. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात ती एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोधानंतर ती दोनवर ठरली. जास्तीचे शस्त्र एका वर्षात जमा करण्याची अट आली, आणि वारशाने मिळणाऱ्या शस्त्रालाही हीच मर्यादा लागू झाली. नेमबाजांना सवलत मिळाली, पण वारशाच्या वस्तूला मिळाली नाही. आधीच दोन शस्त्रे बाळगणाऱ्या मुलाला वडिलांची बंदूक स्वतःच्या नावावर घेता येत नाही. ती दुसऱ्या पात्र वारसाकडे जाते किंवा विकावी लागते. ज्या वस्तूचा गुन्ह्याशी संबंध नाही आणि जिची नोंद सरकारदरबारी दोन पिढ्या आहे, तिच्यासाठी वेगळा विचार व्हायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

'शंभर वर्षे झाली, आता परवाना लागत नाही' या समजुतीनेही वारसांचे नुकसान होते. १९५९च्या शस्त्र कायद्यातील सूट, दुरुस्ती करूनही जिच्यातून बार उडू शकत नाही अशा जुन्या शस्त्रापुरतीच आहे. चालू स्थितीतल्या दुनळीला परवाना लागतो, आणि परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळावा लागतो. तो जुळत नसेल, किंवा तेल न लावता पडून राहिल्याने नळीच्या आतून गंजाचे खड्डे पडले असतील, तर पट्टीवरचे नाव कितीही मोठे असले तरी विक्रेता पहिल्याच तपासणीत भाव पाडतो.