रोटरी इंजिनाला वेग-नियंत्रण नव्हते काय?

पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाचे रोटरी इंजिन (ज्यात सिलिंडरच पंख्यासह गरगर फिरत) एक तर पूर्ण जोराने चाले किंवा बंद असे, आणि उतरताना वैमानिक स्टिकवरील (विमान हाताळण्याच्या दांड्यावरील) बटण दाबून इंधन पेटवणारी ठिणगी तोडत वेग आवरत असे, ही समजूत अर्धीच खरी आहे. बटण होतेच, पण कॅमलला बसवल्या जाणाऱ्या क्लर्जे आणि ल रोन या रोटरी इंजिनांसाठी हवेचे आणि इंधनाचे असे दोन स्वतंत्र लिव्हर कॉकपिटमध्ये असत व त्यांचा मेळ घालून वेग बराच कमी करता येई. तो मेळ चुकला की इंजिन गुदमरे, आणि नवशिक्यांची खरी कसोटी, माझ्या मते, इथेच लागत असे. ‘नियंत्रणच नाही’ हे वर्णन मुख्यतः नोम कंपनीच्या मोनोसुपाप या रोटरी इंजिनाला लागू पडते, कारण त्याला नेहमीसारखा थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी झडप) नव्हता. त्याच्या १६० अश्वशक्तीच्या आवृत्तीत मोजक्याच सिलिंडरांना ठिणगी देणारा निवडक स्विच बसवलेला होता.